बाबांनी माती दिलेलं माकड

काजू पिकायला लागले की बाबांचं लालबागच्या खोलीत मन लागत नसे. निवृत्त झाल्यापासून दर वर्षी या दिवसांत ते तळकोकणात गावी जात आणि परत येताना भाजलेल्या काजूंची पिशवी आणत. यंदाही आणली, पण स्टेशनावरून ती मलाच उचलावी लागली. दादरला उतरले तेव्हाच त्यांचं अंग भाजत होतं, डोळे लालबुंद झाले होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी घाबरले, आणि घाबरले की मी चिडते.

चाळीत तापाचं कुणाला नवल नाही. प्रत्येक दारातून वेगळं निदान आलं. शेजारच्या काकूंनी काढा आणला, तो मी त्यांच्यादेखत मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी बाबांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा परळच्या एका इस्पितळात दाखल केलं.

तिथली तरुण डॉक्टर चिकाटीची होती. डेंग्यू नाही, मलेरिया नाही म्हटल्यावर तिने खाटेजवळ बसून विचारलं, उंदीर, घूस, कुत्रा, कुठल्या प्राण्याशी संबंध आला होता का? चाळीत उंदीर-घुशींना तोटा नाही, हे मीच सांगून टाकलं. आणि गावी? बाबा जरा आठवून नाही म्हणाले. बाबा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते, त्यामुळे आम्ही सगळे उंदरांच्याच मागे लागलो. लेप्टोचं औषध सुरू झालं. ताप काही हटेना.

मग गावाहून काकांचा फोन आला. बाबांबरोबर बागेत जाणारा वाडीतला एक जण तसाच तापाने पडला होता. त्या दोघांनी मिळून काजूच्या झाडाखाली मेलेल्या माकडाला माती दिली होती. आमच्याकडे मेलेलं माकड कुणी तसंच टाकून जात नाही. कोऱ्या कापडात गुंडाळतात, शेंदूर लावतात, नारळ ठेवून पुरतात. बाबांनी तर ते मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसलं होतं.

मी तरातरा वॉर्डात गेले. आजारी माणसावर ओरडू नये, एवढंही भान मला राहिलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे का सांगितलं नाहीत?

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "माकड काय म्हणतस गो? मारुती तो," ते म्हणाले. "कुत्र्यांका कसो टाकतलंय?"

कपाळ! डॉक्टरने प्राण्यांचं विचारलं होतं, आणि बाबांनी प्राण्याला हात लावलाच नव्हता.

रक्त तपासायला गेलं आणि माकडताप निघाला. गावाला कळवल्यावर काकांनी त्या वाडीतल्या माणसालाही इस्पितळात नेलं. डॉक्टरने मला बाजूला उभं करून समजावलं. जंगलातल्या उंदीर-चिचुंद्र्यांच्या अंगात हा रोग मुकाट राहतो, त्यांचं त्याने फारसं बिघडत नाही. तिळाएवढी गोचीड त्यांचं रक्त पिते आणि पुढे माकडाला चावते, माणसाला चावते. माकडं मात्र आपल्यासारखीच तापाने मरतात. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी मग दुसरं अंग शोधतात. याच्यावर नेमकं औषध नाही, शरीर किती झुंज देतं ते बघायचं. हे ती हळू आवाजात सांगत होती, तरी बाबांनी ऐकलंच.

"त्या मारुतीक पण असोच ताप इल्लो?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर हो म्हणाली. बाबांनी खिडकीकडे मान वळवली.

"आणि तेच्या उशाक कोणच नव्हता," ते म्हणाले.

आपण यातून उठणार की नाही, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. दोन दिवसांनी पहाटे ते गेले. मी उशाशीच होते. मला त्यांचा इतका राग आला होता आणि त्यांच्यावर इतकी माया होती, की रडू यायलाही वेळ लागला.