थांबणारं टूल

आदिलाबादच्या कापूस मार्केटपासून हाकेच्या अंतरावर आमचं ऑफिस. खाली खताचं दुकान, वर आम्ही सॉफ्टवेअर करणारे मोजके लोक. त्या वर्षी आम्ही शेतकऱ्यांसाठी एक ॲप करत होतो. मोबाईलवर नाव टाकायचं, कापूस आणायचा दिवस घ्यायचा. त्या दिवशी फाटकावर नाव निघालं तर बंडी, म्हणजे बैलगाडी, आत, नाही तर परत. ॲप तपासणं माझं काम. तीच तीच नावं टाकून माझं डोकं आंबून गेलं होतं, म्हणून टीम लीडने आपोआप तपासणी करणारं टूल आणायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली.

एक टूल इतकं अवजड, की आमचे कॉम्प्युटर धापा टाकायला लागले. दुसरं चालवलं आणि मी खुर्चीत मागेच सरकले. कुणाचा हात लागत नव्हता आणि पडद्यावर नावं उमटत होती, बटणं दाबली जात होती. भूत बघावं तशी मी बघत राहिले. माझं दिवसभराचं काम चहा येण्याआधी संपलं. सगळं हिरवं, म्हणजे सगळं पास. टीम लीड खूश. "टेस्ट पास है, और क्या चाहिए?"

माझा जीव मात्र माझ्या गावात, बेल्यात अडकला होता. माझे बाबा तिथले रिटायर्ड शिक्षक. आमच्या नावावर एक वाफासुद्धा नाही, आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात मजुरी केली. पण त्या हंगामात गल्लीतल्या सगळ्यांचे दिवस बाबाच आपल्या मोबाईलवरून घेणार होते, आणि त्यांनी छाती फुगवून सांगूनही टाकलं होतं, "माह्या पोरीनं तपासलं हाये. कोनाची बंडी परत येत नाई." ज्यांच्या शेतात आजोबा राबले, त्यांच्या मुलांना दिलेला हा शब्द होता. तो खोटा पडला असता तर बाबा पुन्हा त्या गल्लीतून मान वर करून चालले नसते.

रविवारी घरी गेले तर बाबा ओट्यावर बसून ॲपचा सराव करत होते. नाव टाकलं की बटण दाबायचं सोडून मोबाईल शेजारच्या काकांच्या हातात देत. "पाय बरं, बराबर हाये का?" मग काका चष्मा शोधणार, मोबाईल सावलीत नेणार, काकूंना दाखवणार. तोवर बाबांच्या इतरांशी गप्पा. माझा संताप झाला.

"बाबा, दाबा ना पटकन! काऊन एवढा वेळ लावून राह्यले?"

"त्याचं नाव हाये, माय. त्यानं पायल्याशिवाय कसं दाबू?"

परतीच्या बसमध्ये बाबांचं ते थांबणं डोक्यात घोळत राहिलं. आमच्या चपळ टूलला थांबणं माहीतच नव्हतं. मंद म्हणून बाजूला ठेवलेलं एक तिसरं टूल होतं. माणूस जसं करेल तसं ते टिपून घ्यायचं, अगदी मधल्या थांबण्यासकट, आणि तसंच पुन्हा करून दाखवायचं. मी बाबांना ऑफिसात बोलावलं. शेजारचे काकाही आले, कारण त्यांना दाखवल्याशिवाय बाबांचं बोट चालेना.

टिपून झालं, बाबा आणि काका घरी गेले, आणि मी टूल सुरू केलं. पडद्यावर काकांचं नाव उमटलं आणि थांबलं. खोलीत बाबा नव्हते, पण त्यांचा तो धीर तिथे होता. टीम लीडही मागे उभा राहून बघत होता. बटण दाबलं गेलं, पुढचं नाव आलं, पुन्हा तसंच थांबणं. शेवटी पडदा लाल झाला. मोबाईल बराच वेळ नुसता राहिला की ॲप आधीच्या माणसाची नोंद पुसत होतं, आणि वर 'बुकिंग झाले' असंही दाखवत होतं! म्हणजे अर्ध्या गल्लीच्या बंड्या फाटकावरून परत आल्या असत्या.

चूक दुरुस्त झाली. टूल आम्ही तेच घेतलं, मंदच.

मार्केट उघडलं. बेल्याच्या बंड्या एकामागून एक आत गेल्या आणि बाबा फाटकावरून थेट ऑफिसात आले. मी त्यांना काही न सांगता टूल लावून दिलं. काकांचं नाव उमटलं, थांबलं.

"हे काऊन थांबलं?"

"तुमी थांबले होते म्हनून."

बाबा पडद्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले, माझेही. मग ते पुढे वाकले, ओठांतल्या ओठांत एक एक अक्षर तपासत काकांचं नाव त्यांनी वाचलं आणि हळूच म्हणाले, "बराबर हाये." तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं.