उडवाउडवीची उत्तरे

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. मला घटना आठवतेच. पण तिच्याहून जास्त आठवते ती ठाण्याच्या डायरीत मी स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळ. 'सदर इसमाने उडवाउडवीची उत्तरे दिली.' उभ्या नोकरीत ही ओळ मी किती वेळा लिहिली असेल, मलाच ठाऊक नाही. त्या एका वेळी ती लिहायला नको होती.

भोर आणि वेल्हे हे दोन तालुके जिथे एकमेकांना भिडतात, त्या भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगत नाही. बरीचशी हयात आहेत. गावच्या यात्रेत घोडागाडीच्या शर्यती होत. हलकी दोनचाकी गाडी, एक घोडा आणि लगाम धरणारा एक गडी. परवानगी अटी-शर्तींसह मिळायची. शर्यतीच्या सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी प्रत्येक घोडा तपासून दाखला द्यायचा, ही त्यातली मुख्य अट. बंदोबस्त अर्थातच आमच्या गळ्यात.

शर्यतीइतकीच गर्दी आबांभोवती असायची. आबा म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. एके काळी भोरच्या एसटी स्टँडबाहेर त्यांचा टांगा उभा असे. रिक्षा आल्या, टांगा गेला, पण घोड्याची पारख राहिली. सकाळी घोडे माळावर फिरवायला काढले की आबा बाभळीखाली बसून बघत. इतर लोक अंगावरची झूल, तुकतुकी, मानेचा डौल बघायचे. आबा आधी पाय बघत, मग श्वास, मग लीद. घटकाभराने बोट करून म्हणत, "ह्यो येतोय." आणि बहुतेक वेळा तोच पहिला यायचा. स्वतः त्यांनी कधी पैज लावली नाही. गावात एक रिवाजच पडला होता: जिंकलेल्या घोड्याचा मालक पहिला गुलाल आबांच्या कपाळाला लावायचा, मग घोड्याच्या, मग स्वतःच्या. त्या चिमूटभर गुलालावर म्हातारा वर्षभर ताठ मानेने फिरायचा.

त्या वर्षी सगळ्यांची नजर एका कुमैत घोडीवर होती. तांबूस अंग, काळी आयाळ, दिसायला देखणी. मालक त्या भागातलं बडं प्रस्थ. शर्यत रविवारी होती. सकाळी घोडी फिरवली तेव्हा आबा बाभळीखालून उठले, चारचौघांदेखत मालकाकडे गेले आणि म्हणाले, "आज हिला जुंपू नगा. घरी न्या." मालक हसला. दुपारी अर्ध्या धावेत घोडीचा डावा पुढचा पाय दुमडला आणि गाडी उलटली. हाकणारा दोन लेकरांचा बाप होता. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. घोडी पुन्हा उठलीच नाही.

मालकाने लगोलग फिर्याद दिली की कोणीतरी वैरभावाने घोडीला सुई टोचली. संशय आबांवर. शुक्रवारी घोडी टेम्पोतून उतरवल्यावर आबा बराच वेळ एकटेच तिच्यापाशी वाकून काहीतरी करत होते, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्यानेही तेच सांगितलं. तो चहाची टपरी चालवायचा, आणि उधारीच्या गिऱ्हाइकांपेक्षा त्याच्याकडे बातम्या जास्त असायच्या. "साहेब, शुक्रवारी म्या सोता बघितलं. आबाचा हात घोडीच्या पायावर व्हता. आन् रविवारी तेच सांगत्यात जुंपू नगा म्हून. आधीच कसं काय कळलं?"

आधीच कसं कळलं? मलाही हा प्रश्न बिनतोड वाटला. ज्याला गुन्हा होण्याआधी माहीत असतो, त्यानेच तो केलेला असतो, असं आम्हाला नोकरीने शिकवलेलं. आबांना ठाण्यात बोलावून घेतलं.

धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. पिशवी मी आधी उलटी करून बघितली. पानाचा डबा आणि चष्मा.

"शुक्रवारी घोडीपाशी काय करत होता?"

"पाय बघत व्हतो."

"कुणाला विचारून?"

"घोडीलाच. तिनं बघू दिला."

ठाणे अंमलदाराला हसू आलं. मला राग आला. माझ्या रागाची तेव्हा ख्याती होती, आणि मला त्या ख्यातीचा अभिमान होता.

"ती पडणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"पडंल असं म्या म्हणलो न्हाई, साहेब. जुंपू नगा म्हणलो. टेम्पोतनं उतरताना डावा पाय टेकला की तिची मान वर जायाची. दुखरा पाय टेकला की घोडं मान उचलतंच. खुराच्या वर हात लावला तर ऊन लागलं. असा पाय दोन दिसांत बरा व्हत न्हाई. आन् रविवारी बघतोय तर सरळ चालतीया. लंगडत असती तर म्या येवढा भ्यालो नसतो. सरळ चालली म्हून भ्यालो."

आज हे लिहिताना वाटतं, सगळी केस त्या चार वाक्यांत होती. मी काय केलं? टेबलावरचा दाखला उचलून त्यांच्यासमोर धरला.

"हा डॉक्टरांचा दाखला. रविवारी सकाळचा. घोडी सुदृढ आहे असं लिहिलंय. डॉक्टरांना कळत नाही आणि टांगेवाल्याला कळतं?"

आबांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यानंतर मी काहीही विचारलं तरी एकच उत्तर आलं, "तुमी म्हणता तसं." मी डायरी ओढली आणि ती ओळ लिहिली.

अटक केली नाही. तेवढा पुरावा नव्हता. चौकशीच्या नावाखाली बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळी सोडलं, सकाळी पुन्हा बोलावलं. आमचं ठाणं रस्त्यालाच होतं. मार्गासनीकडून येणारी एसटी समोर थांबायची, आणि उतरणारा प्रत्येक माणूस आधी त्या बाकाकडे बघायचा. आमचे जुने हवालदार आत येऊन म्हणाले, "साहेब, आबास्नी आत बसवू का? येणारे-जाणारे बघत्यात."

"बघू देत," मी म्हणालो.

मारहाणीपेक्षा बाक वाईट, हे आम्हा पोलिसांना चांगलं माहीत असतं. म्हणूनच आम्ही तो वापरतो.

तिसऱ्या दिवशी घोडीचा शवविच्छेदन अहवाल आला. डाव्या पायाला खुराच्या जरा वर दोन बाजूंना सुईच्या खुणा होत्या. तेवढ्याच जागेचे केस नीट कातरलेले. पाय बधिर करणारं औषध टोचलेलं, आणि बधिर पायाच्या आत जुनी दुखापत. दुखणं जाणवलंच नाही म्हणून घोडीने त्यावर पूर्ण भार टाकला होता. घाईत, चोरून टोचणारा माणूस केस कातरत बसत नाही. मी विचार करत होतो तेवढ्यात हवालदारांनी मोबाईल पुढे केला. गावातल्या कोणीतरी शुक्रवारी घोडी उतरवतानाचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला होता. टेम्पोच्या फळीवरून घोडी खाली आली. पाय टेकला, मान वर. पाय टेकला, मान वर. आबांनी सांगितलं होतं अगदी तसंच. तो तुकडा मी पाच-सहा वेळा पाहिला. हवालदार माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

डॉक्टरांचीही चूक नव्हती. त्यांनी पाहिली तेव्हा पाय बधिर होता आणि घोडी सरळ चालत होती. शुक्रवार आणि रविवार दोन्ही दिवशी तो पाय डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस एकच होता, आणि त्याला मी बाकावर बसवलं होतं.

मालकाला बोलावून व्हिडिओ दाखवला. फिर्यादीत लंगडण्याचा उल्लेख का नाही, एवढंच विचारलं. त्यावर तो बोलता झाला. रविवारी पहाटे बाहेरगावचा एक माणूस आणून त्याच्याकडून सुया टोचून घेतल्या होत्या. "मानाची शर्यत व्हती, साहेब. माघार कशी घ्यायची?"

"आणि आबांचं नाव का घेतलं?"

"त्यांना कळलं व्हतं. ते ठाण्यात बोलायच्या आधी म्या बोललो."

मालकावर गुन्हा दाखल झाला. आबांना मी काय सांगितलं? काहीच नाही. हवालदारांकरवी निरोप दिला की उद्यापासून येऊ नका.

दोषारोपपत्राच्या वेळी मात्र मला आबांची गरज पडली. शुक्रवारी पायाला हात लावून पाहिलेला एकमेव साक्षीदार तेच. कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. सुनेने चहा दिला. आबांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली, हे विशेष.

"तुमचा जबाब पाहिजे, आबा."

"म्या तर समदं सांगितलं व्हतं तवाच. लिवलं न्हाई व्हय?"

मी आणलेला कागद पुढे सरकवला.

"मग आता लिवा, साहेब. मला घोड्यातलं काय कळत न्हाई."

खूप समजावलं. माफी सोडून सगळं बोललो. म्हातारा ढिम्म हलला नाही. त्यांच्या साक्षीवाचून खटला चालला आणि मालक किरकोळ शिक्षेवर सुटला.

पुढच्या यात्रेला बंदोबस्तावर होतो. बाभळीखाली कोणी नव्हतं. जिंकलेल्या घोड्याचा मालक गुलालाचं ताट घेऊन सवयीने तिकडे वळला, थबकला आणि परत फिरला. गर्दीत कोणीतरी म्हणालं, "ठाण्यावर उगा बसवत न्हाईत कुणाला. असंल कायतरी." केस उलगडली हे गावाला माहीत होतं. पण बाक सगळ्यांनी पाहिला होता, आणि व्हिडिओ पाहताना झालेला माझा चेहरा फक्त हवालदारांनी.

ठाण्याच्या डायरीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर पुढे नवी नोंद करायची, मागचं तसंच राहतं. मी नवी नोंद केली होती: 'सदर इसमाविरुद्ध काही निष्पन्न झाले नाही.' हीसुद्धा आमची ठरलेली ओळ. त्या माणसाने मला जे सांगितलं ते या दोन्ही ओळींत कुठेच नाही. या केसने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर सांगतो की समोरच्याचं उत्तर आपल्याला कळलं नाही, तर ते उडवाउडवीचं ठरत नाही. फार उशिरा शिकलो. नंतरच्या नोकरीत ती ओळ मी पुन्हा लिहिली नाही, पण त्याचा आबांना काय उपयोग?

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी भोरला गेलो होतो. वरात रस्त्यावर होती, बँड वाजत होता, नवरदेवाचा पांढरा घोडा फुलांनी मढवलेला. रस्त्याकडेच्या ओट्यावर आबा बसले होते, बरेच थकलेले. सगळ्यांच्या नजरा नवरदेवाकडे. आबांची नजर थेट घोड्याच्या पायांवर गेली. एक पाय, दुसरा, तिसरा. मागच्या उजव्या पायाशी ती अडली. कपाळाला आठी पडली, मान किंचित पुढे आली.

मग मी त्यांना दिसलो. त्यांनी नजर जमिनीवर घेतली.

मी जवळ गेलो, वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांची माफी ओठांवर होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "आबा, काय झालंय त्या घोड्याला?"

"मला कुठं काय कळतंय, साहेब," ते म्हणाले. "डाक्टरांनी बघितला असंल."

वरात पुढे गेली. घोडा मागच्या पायाने लंगडत होता की नव्हता, हे मी शेवटपर्यंत बघत राहिलो. मला काही कळलं नाही.