उजवीकडचं काळीज

तान्ह्या भाच्याला खोकला झाला म्हणून एक्स-रे काढला, तर हृदय उजवीकडे. पोटातलंही सगळं आरशात दिसावं तसं उलट. पण पोर ठणठणीत आहे, काळजी नको, असं मल्लेश्वरमच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं. घरी पोचेपर्यंत माझ्या आईनं गुन्हेगार शोधून काढला होता. वहिनी!

"सातव्या महिन्यात ग्रहण होतं. उताणी पडून राहा, हलू नको म्हटलं होतं. हिनं कूस बदलली. मग पोराचं काळीज फिरणार नाही तर काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंधाऱ्या खोलीत तहानेनं कासावीस झालेल्या बाईनं कूस बदलली, हा तिचा अपराध! बारसं अडलं. आधी ग्रहणाची शांत करायची, वहिनीनं चार लोकांत चूक कबूल करायची, मग नाव ठेवायचं. आणि माझा भाऊ, चिकपेटेतल्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी तावातावानं बोलणारा, घरात मिठाची गुळणी धरून बसला.

मी तेव्हा प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्यांवर काम करायचे. कवचाला खिडकी पाडून आतला गर्भ पाहायचा. हृदय आधी सरळ नळी असतं, मग ती वळते. पण कुठे वळायचं ते त्याआधीच ठरतं, कारण गर्भाच्या फक्त डाव्या बाजूला एक जनुक जागं होतं. रंग दिला की तेवढीच बाजू जांभळी दिसायची. नव्वदीच्या त्या वर्षांत हे सगळं नवंकोरं होतं.

आईला मी हे भांडून सांगितलं. माणसात हे पहिल्याच महिन्यात उरकतं, दिवस गेल्याचं बाईला कळतं न कळतं तोच. सातव्या महिन्यात वहिनीनं कोलांट्या उड्या मारल्या असत्या, तरी हृदयानं जागा सोडली नसती!

"म्हणजे रक्तातून आलं?" आईनं विचारलं.

"बहुतेक. आणि असं बरेचदा दोघांकडून येतं, आईकडून आणि बापाकडूनही."

"सरी, बरं तर. आमच्यात तर कुणाचं असं नाही. म्हणजे हिच्या माहेरचंच."

शांत रद्द झाली, बारसं झालं. आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला आई सांगू लागली, सुनेच्या रक्तातच खोट आहे, आमच्या शिकलेल्या लेकीनं शोधून काढलं. माझ्या नावावर! मी संतापून खोडून काढायचे. बायका माझ्याकडे बघून मान डोलवायच्या आणि मग वहिनीकडे बघायच्या.

एकदा भाजी निवडताना वहिनी मला म्हणाली, "अक्का, ग्रहणाचं असतं तर शांत करून फिटलं असतं. ह्याला आता कुठली शांत करू?"