तक्त्यातली पहिली ओळ

कांताबाईंच्या मुलीनं, शर्मिलानं, दुसऱ्या बाळंतपणाचा तक्ता कॉम्प्युटरवर केला आणि त्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शर्मिला ताकाचं तापमानसुद्धा लिहून ठेवणाऱ्यांतली. हिंजवडीच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून काढायची, आणि त्याचा तिला पगार मिळायचा. कांताबाईंना या नोकरीचं भारी नवल वाटे. महापालिकेच्या प्रसूतिगृहात एकतीस वर्षं आया म्हणून काढताना हे काम त्यांनी पगाराबाहेर केलं होतं.

तक्त्यात पाच ओळी होत्या. पहिली: कळ येताच शर्मिला सांगेल. दुसरी: रिक्षावाले सुखदेव यांना फोन. तिसरी: दवाखान्याला फोन. चौथी: नवऱ्याला, प्रज्ञेशला, ऑफिसात फोन, त्यानं तिकडून थेट दवाखान्यात यायचं. पाचवी: सोनूजवळ आई. चाळीसेक बाळंतपणं महिन्याला पाहिलेल्या बाईच्या नावापुढे नात सांभाळणं एवढंच लिहिलेलं होतं. कांताबाईंनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि चष्मा पुसून डबीत ठेवला. चोराच्या मनात चांदणं असलं की तक्रार करायला तोंड राहत नाही.

शर्मिलाचं पहिलं बाळंतपण २००३ च्या जूनमध्ये झालं. रीतीप्रमाणे ती माहेरी, येरवड्याच्या दोन खोल्यांत आली होती. वडील, कचरू, जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली. घरात मायलेकी दोघीच. बाळंतपण कुठं करायचं हा प्रश्नच नव्हता. आईच्याच प्रसूतिगृहात. तिथल्या सगळ्या सिस्टरांना शर्मिला परकराच्या वयापासून ठाऊक होती.

त्या प्रसूतिगृहाच्या दाराशी येणाऱ्या बाईची पहिली गाठ कांताबाईंशी पडे. खाटा कमी, बाया फार. त्यात पहिलटकरणी पहिल्या कळेलाच गाठोडं घेऊन यायच्या आणि दोन-दोन दिवस खाट अडवून बसायच्या. त्यांच्यावर कांताबाईंचा राग. पोटावर हात ठेवून त्या सांगत, "अजून लई वेळ हाय. घरी जा, चालत राहा." कुणी रडली तर, "कोकलतीस काय? जगातल्या बाया काय बाळंत होत नाहीत?" आणि कुणी 'आई गं' म्हणून किंचाळली तर, "आई घरी हाय. हितं मी हाय." यावर सिस्टर हसायच्या, आणि त्या हसतात म्हणून कांताबाईंनाही ते बोलायची सवय लागली. त्यांचा अंदाज मात्र सहसा चुकत नसे. नवी डॉक्टर आली की सिस्टर तिला सांगत, घड्याळ काय बघताय, कांताबाईंना विचारा.

त्या दिवशी सकाळी दहाला शर्मिलाला कळा सुरू झाल्या. कांताबाईंनी हात ठेवला, वेळ हाय म्हणाल्या, तिला आंघोळ घातली, भात-वरण खायला लावलं. अकरा वाजता शर्मिला रडायला लागली. कांताबाईंनी तिलाही तेच वाक्य ऐकवलं. कोकलतीस काय. शर्मिला गप्प झाली. ओढणीचं टोक दातांत धरून ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली.

साडेअकराला कांताबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. कळ आली की पायाची बोटं फरशीत रुतत होती आणि कळ ओसरल्यावरही सुटत नव्हती. या खुणेचा अर्थ कांताबाईंना झोपेतसुद्धा कळला असता. बाळ खाली आलं होतं. तेव्हाच उठायला हवं होतं.

त्या उठल्या नाहीत. का, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आपल्या मुलीला घेऊन आपणच लवकर पोचलो, आणि सिस्टरांनी तपासून 'काय कांताबाई, तुम्हीसुद्धा?' म्हटलं तर? एकोणतीस वर्षांची अब्रू. नेमक्या वेळेला नेऊ, दारातून सरळ टेबलावर, म्हणजे सगळ्या म्हणतील, बघा, याला म्हणतात अंदाज. म्हणून त्यांनी अर्धा तास काढला. भांडी घासली. घासलेली भांडी फडताळात लावली.

रिक्षा बंडगार्डनच्या पुलावर असताना सोनू जन्मली. कांताबाईंनी तिला हातांत झेलली, पदरात गुंडाळली, रिक्षावाल्याला पुढे बघायला सांगितलं. बाळ ठणठणीत होतं. शर्मिलाचं मात्र रक्त थांबेना. दवाखान्यात नवीनच लागलेल्या डॉक्टर सत्यशीला यांनी तास दीड तास खपून टाके घातले, दोन बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा कुठं पोरीच्या चेहऱ्यावर माणसाचा रंग आला.

आणि पुढची गोष्ट ऐका. गावभर कौतुक कांताबाईंचं झालं. पोटच्या पोरीचं बाळंतपण धावत्या रिक्षात केलं, हात कापले नाहीत! दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात मोठ्या सिस्टरांनी हाच किस्सा रंगवून सांगितला. शाल-श्रीफळ दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत सोनूला मांडीवर घेऊन बसलेल्या शर्मिलानंही वाजवल्या. ती शाल कांताबाईंनी पेटीच्या तळाशी घातली, ती अजून तिथंच आहे.

त्या बाळंतपणानंतर शर्मिलानं आईला कधी काही दुखतंय म्हणून सांगितलं नाही. दाढ काढली तेव्हा कळलं ते चार दिवसांनी. ताप असला तरी फोनवर 'मी बरी आहे'. भांडण नाही, अबोला नाही. दर रविवारी फोन, दिवाळीला साडी, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन स्वतः उभं राहून करून घेतलं. सगळं होतं. फक्त दुखणं आईच्या दारात आणणं तिनं बंद केलं होतं. एकतीस वर्षं बायकांना दारातून परत पाठवणाऱ्या कांताबाईंना ते समजत होतं, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती. कधी कधी भाजी निवडताना त्यांना दारातून परत गेलेल्या त्या बाया आठवत. पिवळ्या पातळातली एक. पायरीवर बसून राहिलेली एक. त्या कुठं बाळंत झाल्या, कशा झाल्या, कोण जाणे. शर्मिलापुरतं तरी त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या वेळी डॉक्टर सत्यशीलांचा स्वतःचा दवाखाना सदाशिव पेठेत झाला होता आणि शर्मिला दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नव्हती. डॉक्टरांनी वही काढून सांगितलं, "पहिल्या वेळी तुम्हाला अडीच तास लागले. यावेळी त्याच्या निम्मे धरा. वाकडच्या घरून संध्याकाळच्या गर्दीत निघालात तर युनिव्हर्सिटीच्या चौकात बारसं करावं लागेल." म्हणून सदतिसावा आठवडा लागताच दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर एक रिकामी खोली घेतली. घरमालकीण जयाकाकूंनी किल्ली देताना विचारलं, "खोली तीन आठवड्यांची ठरली आहे. बाळाला कल्पना दिलीत ना?" मात्र सोनूला खेळायला त्यांनी आपलं दार उघडं ठेवलं, तेही न विचारता.

तक्ता त्या खोलीच्या दारामागे चिकटवला. त्याच दिवशी शर्मिलानं आईला सांगितलं, "आई, एक ठरवू. या वेळी तू अंदाज सांगायचा नाहीस. वेळ आहे की नाही, काहीच नाही. पहिली कळ आली की निघायचं, बास." आवाजात राग नव्हता, ऑफिसात कामाची वाटणी करताना बोलतात तसं ती बोलली. कांताबाईंनी मान हलवून शब्द दिला.

पण दुसऱ्याच दिवसापासून त्या येता-जाता तक्त्याची पहिली ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागल्या. जावई हुशार, डॉक्टर हुशार, मुलगी तर चुका काढण्यात पटाईत, पण सगळा तक्ता ज्या ओळीवर उभा होता तीच ओळ खोटी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. 'कळ येताच शर्मिला सांगेल.' शर्मिला सांगणार नव्हती. सांगायचं नसतं, हे तिला नीट शिकवलं गेलं होतं. कोणी शिकवलं, ते एकट्या कांताबाईंना माहीत होतं.

फेब्रुवारीतला गुरुवार, दुपारचे तीन. प्रज्ञेश हिंजवडीला. सोनू खाली चटईवर घोड्याला रंग देत होती. शर्मिला खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली. रजा लागली तरी तिच्या मेल सुटत नव्हत्या. कांताबाई मटार सोलत होत्या. सोलता सोलता त्यांची नजर टेबलाखाली गेली.

शर्मिलाच्या पायाची बोटं फरशीत रुतली होती.

त्यांनी मनात आकडे मोजले. बोटं सैल झाली. चार मिनिटांनी पुन्हा रुतली. वर हाताची बोटं मात्र टायपिंग करत होती, तोंडावर रेघ नाही.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही. कंबर भरून आलीय जरा. एवढी मेल जाऊ दे."

दाराच्या मागे तक्ता होता आणि त्याच्या अलीकडे कांताबाईंनी दिलेला शब्द. अंदाज सांगायचा नाही. सांगितला तरी ही का ऐकेल? ज्या तोंडानं वेळ हाय म्हटलं त्याच तोंडानं वेळ नाही म्हटलं तर त्या तोंडाची किंमत काय? जावयाला फोन करावा तर तो येईतो तासभर. मटार सोलायचं ताट त्यांनी बाजूला सारलं.

त्या टेबलाजवळ जाऊन खाली फरशीवर बसल्या आणि मुलीची पावलं हातांत धरली.

"शर्मिला, मला तवाबी कळलं होतं."

शर्मिलाचे हात थांबले.

"तुझी बोटं अशीच रुतली होती. साडेअकराला. मी पाहिलं. मला कळलं की बाळ खाली आलंय. तरी मी भांडी घासत बसले. सिस्टर हसतील म्हणून. कांताबाईंनी पोरीला उगाच आधी आणलं म्हणतील म्हणून. माझा अंदाज चुकला नव्हता. मी चुकले."

खोलीत सोनूच्या खडूचा आवाज येत राहिला. शर्मिला आईकडे बघत होती, आणि कांताबाईंना वाटलं की आता ही पाय ओढून घेईल. तेवढ्यात कळ आली. शर्मिलानं ओठ दाबले, सवयीनं. कळ ओसरल्यावर ती अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं, मलाच सहन होत नव्हतं. पावणेचार वर्षं मला वाटतंय की मीच रडकी आहे."

कांताबाईंना रडू फुटलं. एवढं त्यांना माहीत नव्हतं. आपल्या पापाचा हिशेब आपण पूर्ण केला असं समजून बसावं आणि खालून आणखी एक पान निघावं, तसं झालं. पण रडायला सवड नव्हती.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "आणि दुखलं तर ओरड. पेठ गोळा झाली तरी चालंल."

सुखदेव दहाव्या मिनिटाला गल्लीच्या तोंडाशी आले. पाचवी ओळ तिथंच मोडली. सोनूला खडूंसकट जयाकाकूंच्या हवाली केलं, आणि काकूंनी तिला हाताला धरून आत घेतलं. रिक्षात शर्मिला पहिल्या कळेला कण्हली, दुसऱ्या कळेला ओरडली. सुखदेवांनी घाबरून मागे पाहिलं. कांताबाईंनी त्यांना पुढे बघायला सांगितलं. ते वाक्य त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा वापरलं.

दवाखान्यात पोचून वीस मिनिटं झाली होती. कांताबाई बंद दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. एवढ्या वर्षांत दाराच्या या बाजूला त्या पहिल्यांदाच बसत होत्या, आणि इथून आवाज किती मोठे येतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आतून शर्मिला किंचाळली. आई गं. मग पुन्हा, आई गं.

कांताबाई उठून दाराला चिकटून उभ्या राहिल्या. "हाय गं," त्या म्हणाल्या. "हितंच हाय." आत ऐकू गेलं की नाही, देव जाणे म्हणावं तर त्यांचा देवावर विश्वास नव्हता. त्यांनी तेच पुन्हा, मोठ्यानं म्हटलं.

मुलगा झाला. प्रज्ञेश धापा टाकत पोचला तेव्हा बाळाला दुपट्यात गुंडाळूनही झालं होतं. रक्त फार गेलं नाही. तीनच टाके पडले. डॉक्टर सत्यशीला म्हणाल्या, अगदी वेळेवर आणलंत. कांताबाईंना हे वाक्य एके काळी फार हवं होतं. आज ते कानावर पडलं आणि त्यांनी नुसती मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डबा घेऊन गेल्या तेव्हा शर्मिला जागी होती. कालच्या बोलण्याचा विषय तिनं काढला नाही. झालं गेलं विसर म्हणाली नाही, माफ केलं म्हणाली नाही. तसं म्हणायला हवं असं कांताबाईंनाही वाटलं नाही. विसरण्यासारखं ते नव्हतंच. त्यांनी खिमट वाटीत काढलं, उशी सारखी केली, बाळाच्या टोपड्याची गाठ सैल केली. करण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा त्या रिकामी पिशवी घेऊन उठल्या.

"आई," शर्मिला म्हणाली. तिनं चेहरा वेडावाकडा केला होता, लहानपणी गुडघा फुटल्यावर करायची तसा. "टाके दुखतायत गं. खूप दुखतायत."

कांताबाई पिशवी खाली ठेवून खाटेच्या कडेला बसल्या.

"कुठं दुखतंय?" त्यांनी विचारलं. आणि ती सांगत होती तोवर मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत.