नुसतं टिक्, ठो नाहीच!

काही माणसं तिकिटं जमवतात, काही नाणी. माझ्याकडे जमले ते टेडच्या वर्कशॉपमधले किस्से. जमवले असं नाही, शनिवारी चहा पिताना आपोआप साठत गेले.

मी ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. बंदुकीशी माझा संबंध सांगलीच्या जत्रेत फुगे फोडण्यापुरता! दोन हजार तीन-चारच्या सुमारास रीडिंगबाहेरच्या टेड नावाच्या म्हाताऱ्या बंदूक-दुरुस्तीवाल्याचा कॉम्प्युटर बंद पडला. आमच्या आपटेकाकांनी माझं नाव सुचवलं. मी गेले, कॉम्प्युटर वीस मिनिटांत चालू झाला, आणि मी पुढची पाच-सहा वर्षं शनिवारी जातच राहिले. नवरा म्हणायचा, "इतक्या वेळा बिघडणारा कॉम्प्युटर मी जन्मात पाहिला नाही!"

आपटेकाका म्हणजे रिटायर्ड भूलतज्ज्ञ. तरुणपणी इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले आणि इथलेच झाले. एका शेतकरी पेशंटने त्यांना हरणांच्या शिकारीचा नाद लावला. काकू मात्र पक्क्या शाकाहारी. काका शिकारीला निघाले की त्या म्हणायच्या, "जा, पण नेम चुकू दे!"

*

टेडचा एक नियम होता. कुणी "रायफल उडत नाही" म्हणत आलं की तो हात पुढे करायचा. "गोष्ट नको. काडतूस दे."

बोल्ट म्हणजे रायफलीची मागेपुढे सरकणारी दांडी. तिच्या पोटात स्प्रिंग आणि पिन असते. चाप ओढला की पिन काडतुसाच्या बुडावर टोला देते. टोला खोल असेल आणि तरी उडलं नाही, तर काडतूस खराब. टोला उथळ असेल तर दोष रायफलीचा. लोक मात्र न उडालेलं काडतूस कुठेतरी हरवून यायचे आणि अर्धा तास गोष्ट सांगत बसायचे.

काका पहिल्यांदा तक्रार घेऊन आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी खिशातून लघवी तपासायला देतात ती प्लॅस्टिकची डबी काढली. आत कापसावर काडतूस, बाहेर लेबल. त्यावर नाव, वार, वेळ, आणि खाली लिहिलेलं, "थंडीत त्रास वाढतो."

टेडने डबी उजेडात धरली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चाळीस वर्षं मी या माणसाची वाट बघत होतो!"

*

टोला उथळ निघाला. टेडने बोल्ट उघडला. स्प्रिंगभोवती पांढरा, मेणासारखा थर बसला होता. त्याने वास घेतला, परत घेतला, आणि बुचकळ्यात पडून म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या रायफलीला सुट्टीवर बीचवर नेलं होतं का?"

मी वास घेतला. खोबरेल! टेडला हा वास फक्त बीचवर लावायच्या क्रीमचा माहीत.

काका उठले, घरी फोन लावला. "अगं, खंडेनवमीला तू रायफलीला काय केलंस?"

काकू दरवर्षी खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायच्या. पाटावर काकांची जुनी कात्री, शिलाई मशीन, सुऱ्या, आणि काका कपाट उघडून द्यायचे ती रायफल. बोल्ट वेगळा काढून शेजारी ठेवलेला. फोनवरचा काकूंचा आवाज आम्हाला इथपर्यंत ऐकू आला. "त्याला भोक दिसलं, म्हणून चमचाभर तेल सोडलं! बाळाच्या टाळूवर घालतो तसं. बिचारं वर्षभर कोरडंच असतं!"

खोबरेल थंडीत गोठतं हे काकूंना माहीत नव्हतं असं नाही. दर हिवाळ्यात बाटली रेडिएटरवर ठेवायच्या! पण पिनेचा पाय त्यात रुततो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

पुढच्या शनिवारी काकू स्वतः शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आल्या. "सॉरी हं, टेड. आय थॉट ही वॉज थर्स्टी."

टेडने रायफलीच्या लाकडी दस्त्यावर निळी चिकटपट्टी लावली. "मिसेस आपटे, या रेषेच्या मागे तुमचा देव. पुढे माझा."

काकूंनी ते तंतोतंत पाळलं. टेड मात्र तेव्हापासून शंकरपाळ्यांच्या डब्याला कुणाला हात लावू देईना. स्क्रूंच्या खणात लपवायचा!

*

नुसतं टिक् झालं की लगेच बोल्ट उघडायचा नाही, कारण कधीकधी काडतूस उशिरा उडतं. नळी जमिनीकडे धरून साठ आकडे मोजायचे. हा टेडचा दुसरा नियम.

एकदा त्या शेतकऱ्याचा टेडला फोन आला. "तुमचे डॉक्टर माझ्या ओल्या गवतात पालथे पडून हरणाशी बोलताहेत. बरे आहेत ना?"

काका शनिवारी आले तेव्हा खुलासा झाला. "साठ मोजताना माझं लक्ष उडतं. म्हणून मी एकोणतीसचा पाढा म्हणतो. तो म्हणताना अजून मास्तरांची छडी दिसते, एक आकडा चुकत नाही."

"आणि हरीण?" टेडने विचारलं.

"उभं होतं. एकोणतीस सात्तेपर्यंत ऐकलं, मग कंटाळून गेलं!"

त्या वेळी दोष काडतुसाचा होता. डबीतल्या काडतुसावरचा टोला चांगला खोल होता. काका मात्र त्या दिवशी फार खुशीत होते. घरी गेल्यावर काकूंना सांगणार होते की तुझं गाऱ्हाणं ऐकलं गेलं, नेम लागला नाही.

*

परवाना नवा करायचा असला की पोलीस घरी येऊन बघून जातात. एकदा ते आले नेमके खंडेनवमीला! दारात उंच, गोरा, तरुण अधिकारी. आत पाटावर रायफल, झेंडूचा हार, दस्त्यावर हळदकुंकू, समोर उदबत्ती. बाजूला काका पंचा नेसून बसलेले.

अधिकाऱ्याने आधी टोपी काढली. मग बूट. मग जपून विचारलं, "सर, ही... नेहमी इथेच असते का?"

काकांनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "नो, नो! ओन्ली टुडे. टुमॉरो ही गोज बॅक टु जेल!"

त्याने कपाट पाहिलं, कुलूप पाहिलं, किल्ली कुठे असते ते विचारलं. परवाना ज्याचा, त्याच्याशिवाय ती जागा कुणाला माहीत असता कामा नये असा नियम. काकूंना ती माहीत नव्हती, ते ऐकून त्याचं समाधान झालं. मग शिरा खाल्ला. निघताना त्याच्या लक्षात आलं की आपल्या पेनावर कुंकवाचं बोट आहे.

"लिहिणाऱ्याचं हत्यार तेच ना?" काकू मराठीतच म्हणाल्या. त्याला कळलं असावं, कारण त्याने ते पुसलं नाही. परवाना आठवड्यात आला!

*

एका फेब्रुवारीत काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. मला अजून खरं वाटत नाही.

काकांचं वर्कशॉपला येणं थांबलं. टेड शनिवारी तीन मग काढायचा आणि मग एक परत आत ठेवायचा. मी फोन केला की काका म्हणायचे, "बघू गं. आता तिकडे कशाला?" एकदा म्हणाले, "दिवसभरात तुझ्याशीच पहिल्यांदा बोलतोय." तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

एडिंबराचा मुलगा मागे लागला होता. "बाबा, रायफल विका, घर विका, माझ्याकडे या. तिथे तुम्हाला आता आहे कोण?"

ऑगस्टमध्ये काका आले ते रायफल विकायला द्यायलाच. टेडने ती हातात घेतली, दस्त्यावरच्या निळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि परत दिली. "आत्ता गिऱ्हाईक नाही. ऑक्टोबरनंतर बघू."

खोटं होतं. त्याच सकाळी दोघांनी तशीच रायफल मागितली होती.

*

ऑक्टोबर आला. शनिवारी दहाच्या सुमारास दार वाजलं. काका! हातात रायफलीची केस. दाढी केलेली. खिशातून त्यांनी ती ओळखीची डबी काढून टेबलावर ठेवली.

"नुसतं टिक्," ते म्हणाले.

टेडने काडतूस पाहिलं. टोला उथळ. त्याने केस उघडली. काकू गेल्याला वर्ष व्हायचं होतं, घरात सणवार नव्हता. तरी दस्त्यावर, निळ्या पट्टीच्या मागे, कुंकवाचं एक वाकडं बोट होतं. पुरुषाच्या हाताचं, जाड.

टेडने बोल्ट उघडला. स्प्रिंगभोवती पांढरा, मेणासारखा थर. चमचाभर तरी असेल. सगळ्या वर्कशॉपभर तो वास सुटला.

मी काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी रायफलीला टेडने दिलेल्या तेलाशिवाय दुसरं काही लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

टेडने बोल्ट नाकाशी धरला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग तो होता तसा बंद करून फडक्यावर ठेवला, कपाटातून तिसरा मग काढला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला,

"कठीण केस आहे, डॉक्टर. कारणच कळत नाही. दर शनिवारी आणून दाखवावी लागेल."