मोटारीतला साका

जुनी मोटार घेताना काय काय तपासावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. चांगलं सांगितलं होतं. पण सांगणारा माझा सख्खा मामा होता, त्यामुळे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

मामा हर्ण्याचा. उभा जन्म गलबतावर तांडेलकी केलेली. जमिनीवरच्या वाहनांबद्दल त्याचं ज्ञान बैलगाडीपाशी संपतं, अशी माझी पक्की समजूत. आणि मी कोण? रत्नागिरीतला आंब्याचा व्यापारी. हापूस नुसता हुंगून आत साका आहे की नाही ते सांगणारा पंचक्रोशीतला एकमेव माणूस! (साका म्हणजे आंबा बाहेरून सोन्यासारखा आणि आत पांढरट, भुसभुशीत, खराब गर. आंबा कापल्याशिवाय साका कुणालाच कळत नाही, असं बाकीचे व्यापारी म्हणत. म्हणेनात का.) अशा माणसाला एक मोटार पारखता येऊ नये?

मोटारीची गरज पडली ती धाकट्या बहिणीपायी. वडील गेल्यापासून कमळचं लग्न माझ्या गळ्यात. दोन स्थळं मोडली होती, आणि दोन्ही वेळा आईनं खापर माझ्या बढाईखोरपणावर फोडलं होतं. (बढाईखोर! मी!) तिसरं स्थळ गुहागरचं, सुपारीच्या बागा असलेलं. मुलाचे वडील तात्या स्वतः बोटीनं मुलगी पाहायला यायचे होते. "हे मोडलं तर तुझं तोंड मला दाखवू नकोस," असं आईनं देवासमोर उभं राहून मला सांगितलं. तेव्हा तात्यांना बंदरावरून मोटारीनं घरी आणून पहिल्याच झटक्यात दिपवून टाकायचं, असं मी ठरवलं.

गावात एक निवृत्त रावसाहेब आपली मोटार विकत होते. ठेंगणी, लांब नाकाची, आत दोनच माणसांची, मुंबईत म्हणे शर्यतीत धावलेली. मागच्या बाजूला डिकी: झाकण उघडलं की त्याचीच पाठ व्हायची आणि आणखी दोघं उघड्यावर ऐटीत बसायचे. अंगावर हिरवा रंग असा ताजा, की हाताला लागला. मला तर तो ताजेपणाही आवडला.

मी गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. माझ्यासाठी त्यांनी चहासारखी मोटारही तापवून ठेवली, म्हणून मी त्यांचे आभार मानले! मोटार उतारावर तोंड करून उभी होती, त्यामुळे सुटली ती भन्नाट सुटली. गियरचा आवाज म्हणून नाही. (आवाज दबावा म्हणून गियरच्या पेटीत मूठमूठ लाकडाचा भुसा भरला होता, हे पुढे कळलं.) सुकाणूचं चाक अर्धं फिरवलं तरी मोटार सरळच जायची. "शर्यतीची मोटार आहे, लहानसहान गोष्टींनी विचलित होत नाही," असं रावसाहेब म्हणाले, आणि मी मान डोलावली. मग मी काय तपासलं? भोंगा. तीनदा वाजवून पाहिला, उत्तम वाजला. शिवाय बैठकीचं कातडं हुंगलं.

त्या सुमारास मामा आमच्याकडे मुक्कामाला होता; घेण्याआधी लाकूड टोचून बघ, असं तोच मला बजावत होता. मोटार अंगणात आली तसा तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला, जमिनीवर चक्क आडवा झाला, आणि खालून बोटांच्या पेरांनी ठकठक करू लागला. मग कंबरेचं शिडं शिवायचं दाभण काढून त्यानं डिकीखालच्या लाकडी चौकटीत टोचलं. दाभण मुठीपर्यंत आत गेलं.

"दत्तू, लाकूड मेलाय रे," तो म्हणाला. "वाळवीनं खाल्लान. वरनं नुसता रंग हाय."

मी भडकलो. ही मोटार आहे, मचवा नव्हे, हिला पाण्यात जायचं नाही, आणि माझ्या हिरव्या रंगाला भोक पाडायचं कारण नाही, असं मी चार शेजारी ऐकतील एवढ्या आवाजात सांगितलं. मामानं दाभण पुसून कंबरेला खोचलं. "लाकूड ता लाकूड," एवढंच तो म्हणाला.

तात्यांच्या बोटीच्या दिवशी मी कोट चढवून बंदरावर हजर झालो. मामाही आला होता, पण पायी. तात्या उतरले. चांगले धिप्पाड, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पगडी. मोटार पाहून खूश झाले, पण आत कोंडल्यासारखं होतं म्हणून डिकीत बसतो म्हणाले. माझ्या मनातलंच बोलले! गावाला पाहुणा दिसायला नको? मामा मात्र काही केल्या मोटारीत बसेना. तुम्ही व्हा पुढं, मी मागनं चालत येतो, म्हणाला. जळतो मेला, असं मी मनात म्हटलं.

आमचं घर घाटीच्या माथ्यावर. चढ लागला तशी मोटार धापा टाकायला लागली. मी रस्त्यावरची नजर न हलवता, मागच्या चिमुकल्या खिडकीतून ऐकू जाईल अशा बेतानं तात्यांना मोटारीचे गुण ओरडून सांगत होतो. मध्येच एकदा काहीतरी कडकडलं आणि मोटार एकाएकी हलकी होऊन झपाझप चढू लागली. "पाहिलंत का, चढावर कशी जोर धरते!" मी ओरडलो. उत्तर नाही. माणूस भारावला असेल, म्हणून मी बोलतच राहिलो.

दारात आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, मागे कमळ. मी उतरलो, वाकलो, आणि डिकीकडे हात करून "यावं तात्या," म्हटलं. डिकीत एक छत्री होती. डिकीची पाठ नव्हती, आणि तात्याही नव्हते. आईनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. कमळ तर तडक आत निघून गेली. गेलं हेही स्थळ, आणि या खेपेला मी तोंडानं नव्हे, मोटारीनं मोडलं.

थोड्या वेळानं घाटीवरून दोन माणसं येताना दिसली. पुढे तात्या, पाठीमागून कंबरेपर्यंत तांबड्या मातीनं माखलेले. मागे मामा, डोक्यावर डिकीची पाठ. बिजागऱ्यांचे स्क्रू कुजक्या लाकडातून उपटून आले होते आणि तात्या बसल्या बैठकीत मागच्या मागे रस्त्यावर उतरले होते. आणि दोघं चक्क हसत होते! माझा अपमान रस्त्यावर पडला असताना!

तात्यांनी पाय धुतले, चहा घेतला, कमळला चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "मुलगी पसंत आहे."

मी धीर करून कारण विचारलं.

"वाटेत मी तुमच्या मामांना मोटारीबद्दल विचारलं. सख्ख्या भाच्याची मोटार, तरी सडकी आहे म्हणाले. मग मुलीबद्दल विचारलं. खणखणीत आहे म्हणाले. आता ह्या माणसाला खोटा कसा म्हणू?" मग माझ्याकडे न पाहता ते आईला म्हणाले, "पुढची बोलणी मात्र मामांशीच करीन."

आता सांगा! थोरला भाऊ मी, मोटार माझी, पाहुणा आणला मी (अर्ध्या वाटेपर्यंत का होईना), आणि मान मामाचा! रावसाहेबांकडे तक्रार घेऊन गेलो, तर ते म्हणाले की आपण भोंगाच वाजवून पाहिलात, लाकडाबद्दल विचारलंच नाहीत. पुढे त्या मोटारीत आमच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या.

वैशाखात लग्न झालं. पंगत बसल्यावर मी मुद्दाम निवडलेल्या हापूसची करंडी घेऊन आलो आणि भर पंगतीत जाहीर केलं, की यातल्या एकाही फळात साका निघणार नाही, मी स्वतः हुंगून घेतलेत. पहिला आंबा व्याह्यांच्या पानात ठेवला आणि मामापलीकडच्या माझ्या पानावर जाऊन बसलो. तात्यांनी तो उचलला, उलटसुलट पाहिला, आणि शेजारच्या मामापुढे केला. मामानं कंबरेचं दाभण काढलं.

दाभण! माझ्या आंब्याला! सगळ्या वऱ्हाडादेखत! मी पानावरून ताडकन उठलो. मामानं सावकाश टोचलं, दाभण बाहेर काढून हुंगलं, आणि आंबा हळूच माझ्याच पानात ठेवला.

मी तो कापला. साका होता.