नाव तर उखाण्यातही घेतात

मोरे सरांच्या हातात कुणाचंही नवं पुस्तक किंवा शोधनिबंध पडला की ते तो आधी उलटा करायचे आणि शेवटच्या पानापासून सुरुवात करायचे. शेवटी संदर्भांची यादी असते. लिहिणाऱ्यानं कुणाकुणाचं वाचलं, कुणाच्या आधारानं लिहिलं, ते तिथं कळतं. मी अलिबागच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नवी रुजू झाले होते. हा उंच, सावळा, शर्टाला कायम मासळीचा वास असलेला माणूस पुस्तकं उलटी वाचतो हे बघून मला वाटलं, यांचं काहीतरी बिनसलंय. न राहवून विचारलंच. तर म्हणाले, “ग्रंथपालबाई, पंगतीत कोण बसलंय ते बघितलं की यजमान कळतो. आधी पंगत बघतो, मग आपण पाट मांडायचा की नाही ते ठरवतो.”

डॉ. सुदाम मोरे प्राणिशास्त्र शिकवत. मूळचे तळा तालुक्यातले, डोंगराकडचे. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. घरात एक नियम होता म्हणे : ऐकलेली गोष्ट सांगायची तर ती कुणाकडून ऐकली तेही सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. “संदर्भ द्यायला मी विद्यापीठात नाही शिकलो, भाताच्या उखळापाशी शिकलो,” असं सर म्हणायचे. अशा डोंगरातल्या माणसानं आयुष्यभराचा सोबती म्हणून निवडला तो मात्र जिताडा. आमच्याकडे खाडीलगतच्या खाजण जमिनीत घरोघरी तलाव आहेत आणि त्या तलावांत हा मासा वाढवतात. पण जिताडा म्हणजे नुसता मासा नव्हे, तो मान आहे. जावई यायचा असो, व्याही यायचे असोत, की कुणा साहेबाकडे काम अडलेलं असो, जिताडा पुढे केल्याशिवाय आमच्या माणसाला चैन पडत नाही.

सरांनी तरुणपणी बरीच वर्षं या तलावांवर जाऊन मासे तोलले. आधी बोटभर पिल्लं सोडली जायची, मग ठरावीक काळानं सर काटा घेऊन हजर. तलावाचा मालक त्यांच्यासमोर जाळं टाकी, मासे तोलून पुन्हा पाण्यात सोडी. त्यातून आपल्या खाजणात जिताडा किती झपाट्यानं वाढतो हे सांगणारा त्यांचा निबंध निघाला आणि तो गाजला. देशोदेशीच्या अभ्यासकांनी आपापल्या लेखांत त्याचा आधार घेतला. दुसऱ्यानं असा आधार घेतला की त्याला सायटेशन म्हणतात, आणि हल्ली अभ्यासकाची उंची त्यावरच मोजतात. कुणाला किती जणांनी उद्धृत केलं, त्यावरून बढती, त्यावरून मान.

ही मोजणी कॉलेजात माझ्याकडे होती. संगणकावर नाव टाकलं की आकडे येतात, आलेख निघतो, मला तर ते काम फार आवडे. सरांना आवडत नसे. मी आलेख दाखवला की ते म्हणत, “किती जणांनी नाव घेतलं ते सांगू नका. नाव तर उखाण्यातही घेतात. कशासाठी घेतलं ते वाचलंत का?” आणि खरंच ते स्वतः एकेक लेख मागवून, आपलं नाव कुठल्या वाक्याला टेकवलंय ते शोधत बसत. न वाचताच कुणी नाव घातलेलं दिसलं की पुटपुटत, “हा हात न धुता जेवायला बसला.” आपल्याच जुन्या लेखांचे दाखले देत आकडा फुगवणारे एक गृहस्थ आमच्याकडे भाषणाला आले होते. सर पहिल्या रांगेतून मला हळूच म्हणाले, “आपल्याच हातानं आपल्याच ताटात वाढायचं आणि वर ढेकर द्यायचा.” मला हसू आवरेना, प्राचार्य माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले.

मग कॉलेजला पीएच.डी.चं संशोधन केंद्र मिळण्याची गोष्ट निघाली. केंद्र मिळालं तर इथल्या मुलांना मुंबई गाठायला नको. अट अशी होती की मार्गदर्शकाच्या नावावर पुरेशी सायटेशन हवीत, आणि आमच्याकडे तेवढी एकट्या मोरे सरांची होती. या केंद्राकडे सगळ्यांत जास्त डोळे लावून बसली होती ती सरांची विद्यार्थिनी प्रणाली. रेवसजवळच्या गावातली आगरी कुटुंबातली मुलगी, हुशार आणि हट्टी. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, घरून जाऊन-येऊन शिकायचं तर शिक, नाहीतर स्थळं बघतो. प्रणालीचं पुढचं आयुष्य माझ्या त्या आलेखावर येऊन ठेपलं होतं.

अर्ज जायच्या आधी तिच्या गावची जत्रा आली. तिनं सरांना आणि मला जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, जिताड्याचं कालवण, वाढायला तिची आत्या. याच आत्याच्या तलावावर सर पूर्वी मासे तोलायला येत. आत्या खुशीत होती. सरांच्या ताटात मधला तुकडा घालत म्हणाली, “सर, तुमी काटा घेऊन यायचाव ना, तवा आमची काय धावपल व्हयाची! आमचं जितारं बारीक. मंग तुमी येनार म्हनून यांनी आदल्या दिशी मोठ्या तलावातलं जितारं आनून सोरलं.”

सरांचा हात ताटातच थांबला. “कशासाठी, आत्या?”

“या बया! कालेजचा सर दारान आयलाय, त्याला काय बोटभर मासा दाखवाचा? सगल्यांनीच केला. तुमचा मान नको ठेवाला?”

प्रणालीचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे सरांनी तोलले ते त्या तलावांत वाढलेले मासे नव्हतेच, आणि त्यांच्या सायटेशनपैकी निम्म्याहून अधिक त्याच एका निबंधाची होती. सर मात्र शांत होते. ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि आत्याला नमस्कार करून म्हणाले, “आत्या, मान तुम्ही ठेवलात, त्यात तुमचं काही चुकलं न्हाय. पाहुणा बनून गेलो आणि मासे मोजत बसलो, ते माझं चुकलं.” माणूस हलला की त्यांच्या तोंडून असं गावाकडचं ‘न्हाय’ निघे.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले आणि माझ्यासमोर बसून म्हणाले, “तो निबंध वगळून आलेख काढा.” मी काढला. आकडा अटीच्या बराच खाली आला. प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. माणूस वाईट नव्हता, पण व्यवहारी. “मोरे सर, चूक कबूल करा ना, कोण नको म्हणतंय? फक्त केंद्र मिळाल्यावर करा.” सर म्हणाले, “म्हणजे मुलगी दाखवायची एक आणि अंतरपाट धरायचा दुसरीसमोर.” मीसुद्धा सरांना विनवलं, प्रणालीसाठी तरी थांबा म्हटलं. ते म्हणाले, “बाई, तिच्या संशोधनाचा पहिला दगडच खोटा बसवू?” मला तेव्हा त्यांचा राग आला. आजही तो पुरता गेलाय असं म्हणवत नाही, कारण किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजायची होती.

केंद्र मिळालं नाही. सर स्वतः प्रणालीच्या घरी गेले आणि तिच्या वडिलांसमोर तिला म्हणाले, “तुझी जागा मी घालवली.” ती ताडकन उठून आत गेली आणि पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलली नाही. तिच्या बाजूनं उभी राहिली ती आत्या. भावाला म्हणाली, “मी बोल्ले म्हनून पोरीचा नुसकान झाला. आता ती मुंबईला जाईल, आनि तू गप ऱ्हाशील.” आत्यापुढे त्या घरात कुणाचं काही चालत नाही. प्रणाली रेवसहून बोटीनं भाऊच्या धक्क्याला जाऊ लागली, पावसाळ्यात बोट बंद झाली की एसटीनं पेणवरून.

इकडे सरांनी ज्यांनी ज्यांनी तो निबंध उद्धृत केला होता, त्यांना एकेकाला मेल पाठवले : माझा निबंध चुकीचा आहे, कृपया त्याचा आधार घेऊ नये. आपली सायटेशन कमी करा म्हणून जगाच्या मागे लागलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं लिहिलं, आमच्या मांडणीत तुमचा आकडा अजूनही छान बसतो. सर मला तो मेल दाखवत म्हणाले, “बघा, खोटं धावतंय, खरं अजून चपला शोधतंय.” मग त्यांनी अर्ध्या पानाची एक दुरुस्ती छापून आणली. तिच्यात तलाववाल्यांना बोल लावणारं एक अक्षर नव्हतं. चूक मोजणाऱ्याची, यजमान आपल्या रीतीप्रमाणे वागले, असं लिहून खाली आभार मानले होते ते आत्याचे, नावानिशी. त्या दुरुस्तीचा आधार मात्र कुणीही घेतला नाही. जुना खोटा निबंध दर वर्षी नवी सायटेशन मिळवत राहिला. ते आकडे दिसले की माझ्या अंगाचा तिळपापड होई.

सर निवृत्त होऊन गावी गेले. गेल्या पावसाळ्यात ते वारले. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली एक दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. प्रणाली आपला प्रबंध घेऊन वाचनालयात आली होती. त्याच तलावांवर तिनं सगळं नव्यानं तोललं होतं, पण आधी प्रत्येक माशाला खुणेचा बारीक बिल्ला लावून. आत्या कुरकुरली म्हणे, “आता पाहुन्याला काय दाखवाचा?”

प्रणालीनं कळवल्यामुळे सरही गावाहून एसटीनं आले होते. थकले होते, काठी आली होती. दोघं समोरासमोर बसली. तिनं प्रबंध त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी सवयीनं तो उलटा केला आणि शेवटून उघडला. बोट यादीवरून खाली सरकत ‘म’पाशी थांबलं. तो गाजलेला निबंध तिथं नव्हता. होती ती अर्ध्या पानाची दुरुस्ती. मग त्यांनी तिचं वाक्य शोधून काढलं आणि चष्मा पुसून वाचलं. तिनं लिहिलं होतं, या किनाऱ्यावर मासे मोजण्याआधी पाहुणचाराची रीत समजून घ्यावी लागते, हे आम्हांला मोरे यांनी शिकवलं.

“वाचून घेतलंस नाव,” सर म्हणाले.

“तुमीच शिकवलाव ना, सर,” ती म्हणाली आणि रडू लागली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळले. ज्या मोजणीवर ते इतकी वर्षं चिडत आले, तीच आज त्यांनी आपणहून मागितली.

“ग्रंथपालबाई, आता मोजा.”

संगणक सुरू करायची गरजच नव्हती.

“एक, सर.”

“झालं की मग,” ते म्हणाले, आणि प्रबंध पहिल्या पानापासून वाचायला लागले.